काट्याचं नाव काटाच राहू द्या: जिनिंगच्या ऑफिसातल्या डीएनएसच्या नोंदी

हिंगणघाट तालुक्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी हिशेब बघते. नेटवर्कचं काम माझ्या गळ्यात पडलं ते पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे एवढ्या एका गुन्ह्यापायी. ११ पीसी, एक विंडोज सर्व्हर, दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं अंगठ्याचं मशीन आणि काट्याच्या, म्हणजे ट्रॉल्या तोलायच्या वजनकाट्याच्या, खोलीतला पीसी, एवढाच पसारा. पण हंगामात काट्याचा पीसी दहा मिनिटं दिसेनासा झाला, की फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते.

तसं एकदा झालंच. जूनमध्ये वीज पडून काट्याचा पीसी जळाला, नवा आणून बसवला. तेव्हा कापूस नव्हता, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. नोव्हेंबरात पहिली ट्रॉली काट्यावर चढली आणि फोन आला, "ताई, काटा दिसून नाही राहिला!" नव्या पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता, वेगळा होता आणि जुना आयपी आम्ही जागोजागी लिहून ठेवला होता. दिवाणजीकाकांच्या शॉर्टकटमध्ये, गेटपासच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि प्रत्येक पीसीच्या होस्ट्स फाईलमध्ये, म्हणजे कुठल्या नावाचा कुठला आयपी या यादीत. अख्खी दुपार मी एकेका टेबलाशी वाकून आकडे बदलत होते.

इंटरनेटच्या आधीचं अर्पानेटही असंच एका फाईलवर चालायचं. यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे असायची आणि जो तो ती उतरवून घ्यायचा. ती आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं, म्हणजे नाव विचारलं की पत्ता सांगणारी व्यवस्था. म्हणजे मी त्या दुपारी १९८३ च्या आधीचं काम करत होते. दुसऱ्याच रविवारी सर्व्हरवर डीएनएसचा रोल चढवला.

सुरुवात झोनच्या, म्हणजे आपल्या सगळ्या नोंदी ज्यात राहतात त्या खात्याच्या, नावापासून करा, कारण ते मागाहून बदलणं फार जड जातं. डीएनएस मॅनेजरमध्ये फॉरवर्ड लुकअप झोनवर राईट क्लिक करून नवा झोन घ्यायचा. पुष्कळ जण शेवटी 'डॉट लोकल' लावतात. ते टाळा, ते शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी राखलेलं आहे आणि मोबाईल, प्रिंटर त्यावर आपापसात बोलतात. मी 'डॉट इंटर्नल' घेतलं. २०२४ मध्ये आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, ते खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलं, तेव्हा बाहेरच्या कुठल्या नावाशी टक्कर व्हायची नाही. नावं रोमन लिपीत, त्यात फक्त अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ. खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर नको.

आता नोंदी. माझी पद्धत अशी, की मशीनला एक नाव आणि कामाला दुसरं. मशीनचं नाव रूक्ष ठेवते, 'पीसी-०७'. त्याची ए नोंद, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी नोंद, करते: पीसी-०७ म्हणजे १९२.१६८.१०.२१. 'काटा' हे नाव मात्र सीनेम म्हणून टाकते, म्हणजे टोपणनाव, जे पीसी-०७ कडे बोट दाखवतं. 'गेट' आणि 'हिशेब' हीसुद्धा अशीच टोपणनावं. लोकांना आणि सॉफ्टवेअरला टोपणनावच द्यायचं. पुढे पीसी-०७ जळो की विकला जावो, काट्याचं बोट पीसी-१२ कडे वळवलं की झालं. शॉर्टकटला हातसुद्धा लावावा लागत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. ज्या नावाला सीनेम आहे त्या नावाला ए किंवा दुसरी कुठली नोंद चालत नाही. आणि जुन्या विंडोज सर्व्हरवरचं शेअर केलेलं फोल्डर टोपणनावाने उघडायला गेलं तर ते अडतं, त्यासाठी रजिस्ट्रीत वेगळी सेटिंग करावी लागते. तेवढी उठाठेव नको असेल तर त्या एका कामापुरती सरळ ए नोंद करा.

रिव्हर्स झोन बहुतेक जण करतच नाहीत. गावातल्या माणसाला मी तो असा सांगते. आठ-अ उताऱ्यात माणसाच्या नावावरून त्याचे गट नंबर कळतात, सातबाऱ्यात गट नंबरावरून मालकाचं नाव. फॉरवर्ड झोन आठ-अ सारखा, रिव्हर्स सातबाऱ्यासारखा. त्यात पीटीआर नोंदी असतात, आयपीवरून नाव सांगणाऱ्या. आधी रिव्हर्स झोन बनवा, मग ए नोंद करताना पीटीआरच्या चौकटीत टिक करा. झोन नसताना टिक केली तर ए नोंद होते, पीटीआर होत नाही. सर्व्हरचीच पीटीआर राहिली असेल, तर एनएसलुकअप (सर्व्हरला नाव विचारून बघायची कमांड) लावल्यावर सर्व्हरच्या नावाजागी 'अननोन' दिसतं. त्याने काम अडत नाही, पण बघणारा घाबरतो.

आयपी हलता राहिला तर या सगळ्या नोंदी पाण्यात. सर्व्हरचा आयपी हाताने पक्का करा. बाकीच्यांचे डीएचसीपीमध्ये, म्हणजे पीसींना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेत, मॅक पत्त्यावर (मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या कायमच्या नंबरावर) राखून ठेवा, आणि डीएचसीपीच्याच पर्याय क्रमांक ६ मध्ये डीएनएस सर्व्हर म्हणून आपल्या सर्व्हरचा पत्ता, १५ मध्ये झोनचं नाव द्या. १५ भरला की नुसतं 'काटा' लिहून भागतं, पुढचं शेपूट पीसी आपणच लावून घेतो. आमच्या अंगठ्याच्या मशीनला नाव कळतच नाही, त्याला आयपीच लागतो. असे अपवाद वहीत लाल शाईने.

पर्याय ६ मध्ये मी एक चूक केली होती आणि ती पुष्कळ ठिकाणी दिसते. आपला सर्व्हर बंद पडला तर इंटरनेट तरी चालावं म्हणून दुसरा पत्ता ८.८.८.८, म्हणजे गूगलचा बाहेरचा डीएनएस सर्व्हर, दिला होता. आमच्याकडे वीज जाते आणि येते. ती आली की पीसी आधी उठतात, सर्व्हरला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात पीसीने आपल्या सर्व्हरला विचारलं, उत्तर नाही, मग त्याने बाहेर विचारलं, काटा कुठे आहे? बाहेरचा म्हणाला, असं नावच नाही. हे 'नाही' पीसी काही वेळ लक्षात ठेवतो. त्यामुळे सर्व्हर उठून बसला तरी काटा गायबच! तीन पीसींवर दिसतोय, दोनवर नाही, असा तो प्रकार. बाहेरचा पत्ता पीसीला देऊ नका. तो सर्व्हरच्या फॉरवर्डर्समध्ये, म्हणजे स्वतःला माहीत नसलेलं नाव सर्व्हर ज्यांना विचारतो त्या यादीत, टाका आणि सर्व्हर व स्विच दोन्ही यूपीएसवर घ्या.

बदल ठरलेला असेल तर आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे उत्तर जपून ठेवायची मुदत, कमी करा. विंडोजमध्ये नोंद मुळात एक तासाची असते, म्हणजे पीसी जुनं उत्तर तासभर जपून ठेवू शकतो. व्ह्यू मेन्यूत ॲडव्हान्स्ड चालू केल्याशिवाय नोंदीत टीटीएलचा रकाना दिसत नाही. मी तो पाच मिनिटांवर आणते, बदल करते, दोन दिवसांनी पुन्हा एक तास. हंगामात बदल करायचाच असेल तर रात्री, शेवटची गाडी रिकामी झाल्यावर.

फोन आलाच तर मी आधी आयपीला पिंग करते, म्हणजे हाक मारून ओ येते का बघते. तो लागला नाही तर केबल किंवा स्विच बघायचा, डीएनएसचा काही संबंध नाही. लागला तर एनएसलुकअपने 'काटा' विचारते. ते थेट सर्व्हरला विचारतं, पीसीच्या आठवणीकडे किंवा होस्ट्स फाईलकडे बघत नाही. तिथे उत्तर बरोबर आणि नावाने पिंग केलं तर जुना आयपी, असं झालं की खोट त्या पीसीतच. पीसीची ती आठवण पुसणारं आयपीकॉन्फिगचं फ्लशडीएनएस चालवायचं. तरीही सुधारलं नाही तर होस्ट्स फाईल उघडायची. दिवाणजीकाकांच्या पीसीवर मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी सापडली ती माझ्याच हातची जुनी ओळ, त्या नोव्हेंबरच्या दुपारची. काका एवढंच म्हणाले, "पोरी, आपलंच खातं आपणच तपासाव लागते."

मेलेल्या नोंदीही काढत जा. काढून टाकलेल्या पीसीची ए नोंद तशीच राहिली आणि त्याचा आयपी पुढे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला मिळाला, तर जुन्या नावाने हाक मारणाऱ्याला ओ देतो रेकॉर्डर. आपोआप झाडलोट करणारं स्कॅव्हेंजिंग मुळात बंद असतं, आणि चालू केलं तरी हाताने केलेल्या स्टॅटिक नोंदींना ते शिवत नाही. त्या आपणच बघायच्या. मी दिवाळीच्या आधी, हंगाम लागण्यापूर्वी, वही आणि स्क्रीन शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवते.

वहीचे रकाने: तारीख, नाव, जुना आयपी, नवा आयपी, कोणी बदलला, कशासाठी. आधी वहीत, मग सर्व्हरवर. तलाठ्याकडे फेरफार झाल्याशिवाय सातबारा बदलत नाही, तसंच. सर्व्हर आपला अनुक्रमांक प्रत्येक बदलाला वाढवतो खरा, पण का बदललं ते त्याला कुठे माहीत असतं?

मे संपता संपता झोनची फाईल पेन ड्राईव्हवर उतरवून घ्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळे युझर आणि पीसी एका जागी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) नसेल तर ती सिस्टिम३२ मधल्या डीएनएस फोल्डरात असते. आमचा पेन ड्राईव्ह तिजोरीत, सरकीच्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली असतो. आणि ढग गडगडायला लागले की काट्याच्या खोलीकडे जाणारी लॅनची वायर स्विचमधून काढून ठेवायची. ते काम आता ऑपरेटर न सांगता करतो.