पालखी कुठवर आली? कमांड लाइनवरून वाडीला एसएमएस पाठवण्याची रीत

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा रत्नागिरी-राजापूरकडच्या गावांत एकच प्रश्न विचारला जातो: पालखी कुठवर आली? मुंबईहून आलेले चाकरमानी विचारतात, ओटीचं ताट तयार ठेवून बसलेल्या काकी विचारतात, आणि पालखीबरोबर चालणाऱ्याच्या खिशातला फोन दिवसभर वाजत राहतो. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असतोच. पण डोंगराच्या कुशीतल्या वाडीत इंटरनेट मिळेल तेव्हा खरं, आणि कित्येक म्हाताऱ्या माणसांकडे अजून बटणांचा फोन आहे. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. रेंज थोडीशी असली तरी तो बहुधा पोचतो. मात्र टॉवरच बंद पडला तर एसएमएसही नाही, हे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या लोकांना सांगायला नको.

एकच निरोप पन्नास-साठ जणांना हाताने पाठवणं कंटाळवाणं. कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा (कमांड) टाइप करून, ते एका ओळीचं काम होतं. त्यासाठी नवीन काही विकत घ्यायला नको. कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन चालतो. अँड्रॉइड ७ किंवा पुढचं असावं, आणि सिमकार्डाच्या रिचार्जमध्ये एसएमएस असावेत.

एक सूचना आधीच. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे; निरोपाचा मजकूर तेवढा मराठीत. ज्यात त्या टाइप करायच्या त्या टर्मक्सचं स्पेलिंग टी-ई-आर-एम-यू-एक्स.

फोन तयार करणं

एफ-ड्रॉइड या अ‍ॅप भांडारातून दोन अ‍ॅप घ्या: टर्मक्स आणि टर्मक्स:एपीआय. पहिलं म्हणजे कमांड टाइप करायची, फोनमधली लिनक्सची काळी खिडकी, दुसरं त्या खिडकीला फोनच्या एसएमएसपर्यंत नेणारं. दोन्ही एकाच ठिकाणून घ्यायची. एक प्ले स्टोअरवरून आणि एक एफ-ड्रॉइडवरून घेतलं तर त्यांच्या डिजिटल सह्या जुळत नाहीत आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मग टर्मक्स उघडून:

पीकेजी अपडेट
पीकेजी इन्स्टॉल टर्मक्स-एपीआय नॅनो ओपनएसएसएच

सेटिंग्जमध्ये जाऊन टर्मक्स:एपीआयला एसएमएसची परवानगी द्या. नव्या अँड्रॉइडवर ती करडी दिसली, तर अ‍ॅप इन्फोच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ असतं, ते आधी चालू करावं लागतं. बॅटरीची बचतही दोन्ही अ‍ॅपसाठी बंद करा, नाहीतर स्क्रीन काळी झाली की फोन त्यांना झोपवतो.

आता स्वतःच्याच दुसऱ्या नंबरावर चाचणी:

टर्मक्स-एसएमएस-सेंड -एन नंबर 'निरोप'

‘नंबर’च्या जागी दहा आकडी मोबाइल नंबर, ‘निरोप’च्या जागी आपला मजकूर. दोन सिम असतील तर मध्ये ‘-एस ०’ किंवा ‘-एस १’ लिहून कुठलं वापरायचं ते सांगता येतं. सगळं नीट झालं तर टर्मक्स काहीच बोलत नाही. त्या शांततेचा अर्थ एवढाच, की निरोप फोनच्या हवाली झाला. खरोखर गेला का, ते फोनच्या मेसेज अ‍ॅपमध्ये पाहा.

मराठीत ७० अक्षरं, तीही मोजून

इथेच लोकांचा हिशेब चुकतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात, म्हणून तिथे १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येकी दोन बाइट लागतात, म्हणून ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर वाटतं. फोनच्या लेखी ती चार आहेत.

हा निरोप बघा: ‘पालखी आता मधलीवाडीत. पुढे खालचीवाडी. दुपारी ३ पर्यंत येईल.’ रिकाम्या जागा धरून ५८ झाली, एका एसएमएसमध्ये बसला. याच्या शेवटी ‘ - ग्रामदेवता उत्सव समिती’ असं जोडलं की ८३. मग त्याचे दोन तुकडे होतात, आणि तुकडे जोडण्याची माहितीही सोबत जात असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ च अक्षरं बसतात. वाचणाऱ्याला एकच निरोप दिसतो, पण मोजले जातात दोन. साठ घरांना पाठवला की १२० झाले. आणि बऱ्याच रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएसच मिळतात. समितीचं नाव गाळा. पालखी कुणाची, हे गावाला ठाऊक आहे.

रोमन लिपीत मराठी लिहून १६० अक्षरं मिळवण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. ते वाचताना आजोबांची जी ओढाताण होते त्यापेक्षा मराठीत थोडक्यात लिहिलेलं बरं.

अक्षरं मोजायला निरोप ‘निरोप’ नावाच्या फाइलीत ठेवा आणि ‘डब्ल्यूसी -एम निरोप’ चालवा. शेवटच्या ओळबदलाचं एक जास्तीचं धरलं जातं, ते वजा करा. टर्मक्सच्या खिडकीत काना-मात्रा विस्कटलेल्या दिसल्या तरी जाताना अक्षरं नीट जातात. सोयीचं म्हणजे निरोप दुसऱ्या अ‍ॅपमध्ये लिहून नॅनोत, म्हणजे टर्मक्समधल्या फाइल लिहायच्या प्रोग्राममध्ये, पेस्ट करणं.

साऱ्या वाडीला एकदम

‘नॅनो यादी’ लिहून एका ओळीवर एक नंबर असे सगळे नंबर भरा. ही यादी विंडोजवर बनवून आणू नका. ओळीच्या शेवटी न दिसणारं एक चिन्ह येतं आणि नंबर बिघडतात. मग ‘पालखी’ नावाच्या फाइलीत:

फॉर एन इन $(कॅट यादी)
डू
टर्मक्स-एसएमएस-सेंड -एन $एन "$(कॅट निरोप)"
स्लीप १५
डन

‘बॅश पालखी’ म्हटलं की काम सुरू. चुकीचा निरोप निघाला तर कंट्रोल-सी दाबून थांबवा. ‘स्लीप १५’ म्हणजे दोन निरोपांमध्ये पंधरा सेकंदांची विश्रांती. ती काढून टाकू नका: एखादं अ‍ॅप भराभर एसएमएस सोडू लागलं, की अँड्रॉइड मध्येच थांबवून ‘पाठवू का?’ असं विचारतं, आणि तिथे बोट लावायला कुणी नसेल तर पुढचे निरोप अडकतात.

रेंज बहुधा पडवीच्या एका कोपऱ्यातच असते. म्हणून फोन तिथे चार्जरला लावून ठेवा आणि आपण आत लॅपटॉपवर बसा. टर्मक्समध्ये ‘पासडब्ल्यूडी’ने पासवर्ड ठरवा, फोन झोपू नये म्हणून ‘टर्मक्स-वेक-लॉक’ आणि मग लॅपटॉपला आत येऊ देणारं ‘एसएसएचडी’ चालवा. लॅपटॉप त्याच वाय-फायवर असेल तर ‘एसएसएच -पी ८०२२’ आणि पुढे फोनचा आयपी पत्ता दिला की फोनची खिडकी लॅपटॉपवर उघडते. आलेली उत्तरं ‘टर्मक्स-एसएमएस-लिस्ट’ने तिथेच वाचता येतात.

लिनक्सचा लॅपटॉप असेल आणि एखाद-दुसराच निरोप पाठवायचा असेल, तर फोन आणि लॅपटॉप जोडणारं केडीई कनेक्ट पुरे. यूएसबी डोंगल (लॅपटॉपला लावायचं, सिम घालायचं यंत्र) आणि गामू नावाच्या प्रोग्रामची जोडीही चांगली चालते; मराठीसाठी गामूला ‘-युनिकोड’ सांगावं लागतं. कायमची व्यवस्था करायची असेल तरच त्या वाटेला जा. आणि जुन्या थ्रीजी डोंगलमध्ये जिओचं सिम घालू नका, जिओला फोरजीच्या खालचं जाळंच नाही.

ही सोय ओळखीच्या माणसांसाठी आहे. हापूसच्या पेट्यांची जाहिरात याच यादीवर करावीशी वाटेल, पण व्यापारी एसएमएससाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे नियम आहेत: पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना, दोन्हींची आधी नोंदणी लागते. साध्या सिमवरून जाहिराती सोडल्या आणि कुणी १९०९ वर तक्रार केली, तर सिम बंद होऊ शकतं. नंबर यादीत घालण्याआधी विचारा, आणि कुणी नको म्हटलं तर नॅनो उघडून ती ओळ लगेच खोडा.