कार्टूनमधल्या सुपरहिरोला घरदार कसं द्यायचं

कार्टूनमधला सुपरहिरो एका एपिसोडला वीस-बावीस मिनिटं आपल्यासमोर असतो आणि त्यातला बराचसा वेळ मारामारीत जातो, मग त्याला झोप लागते का, ताप आला तर उशाशी कोण बसतं, वाढदिवसाला फोन कुणाचा येतो आणि कुणाचा यायचा बंद झालाय, हे दाखवायला वेळच उरत नाही. फॅनफिक म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट, आणि ती लिहिणाऱ्याचं काम इथून सुरू होतं. सांगली-मिरजेत कॉलेजला असलेली बरीच पोरं-पोरी मला विचारतात की ताई आम्हाला लिहायचंय पण सुरुवात कुठून करू, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी एक उदाहरण, कारण एवढं एक नीट समजलं तरी निम्मं काम होतं. बॅटमॅनचा एक व्हिलन आहे, मिस्टर फ्रीझ. 1959 मध्ये कॉमिकमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नाव मिस्टर झिरो होतं आणि बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या करणारा एक चोर एवढीच त्याची ओळख होती. मग 1992 च्या बॅटमॅन कार्टूनमध्ये लेखक पॉल डिनी यांनी त्याला बायको दिली. नोरा. आजार बरा होण्यातला नाही म्हणून तिला गोठवून ठेवलंय, कधीतरी औषध सापडेल या आशेवर. बंदूक तीच, सूट तोच, थंडी तीच, पण आता त्या थंडीला कारण मिळालं आणि माणूस उभा राहिला. हे इतकं पक्कं बसलं की पुढे कॉमिकवाल्यांनीही तीच कथा घेतली. बघा, डिनींनी त्याला नवी पॉवर दिली नाही, एक माणूस दिला जो त्याला वाचवता येत नाहीये.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की बॅकस्टोरी, म्हणजे पात्राची आधीची कहाणी, बाहेरून आणून चिकटवू नका, ती कार्टूनमध्येच कुठेतरी अर्धवट पडलेली असते, ती शोधा. आणि जी गोष्ट त्याच्या पॉवरने सुटत नाही तिथे त्याला नेऊन उभं करा.

शोधायचं कसं ते सांगते. एकच पात्र घ्या, पाच नकोत. त्याचे एपिसोड वही घेऊन परत बघा आणि तीन प्रकारच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा, कार्टूनने तोंडाने सांगितलेलं काय, सांगितलं नाही पण दिसतं ते काय, आणि ज्याबद्दल सगळेच गप्प आहेत ते काय. तिसऱ्या नोंदीत तुमची गोष्ट असते. मी टीन टायटन्स घेते, 2003 ते 2006 वालं, पाच सीझनचं, एका टॉवरमध्ये राहणाऱ्या पाच टीनएजर सुपरहिरोंचं. त्यात त्यांचा लीडर रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा साथीदार, त्याचं खरं नाव कुणी सरळ घेत नाही. त्याच्यासारखाच दिसणारा लॅरी नावाचा बुटका एका एपिसोडमध्ये येतो, त्याचं खरं नाव म्हणजे डिक ग्रेसन हीच अक्षरं उलटी लावलेली, म्हणजे लिहिणाऱ्यांना माहितीये, बघणाऱ्यांनाही माहितीये, पण घरात, म्हणजे त्या टॉवरमध्ये, विषय निघत नाही. पाच जण एकत्र राहतात आणि लीडरचं नाव कुणी विचारत नाही. का? विचारलं होतं आणि तो चिडला होता का? की सगळ्यांचंच मागे काहीतरी राहिलंय म्हणून कुणी कुणाला विचारत नाही? हा एक प्रश्न एका गोष्टीला पुरतो.

कॉमिकमधला रॉबिन 1940 मध्ये आला, आईबाप सर्कशीत झुल्यावर काम करणारे, फ्लाइंग ग्रेसन्स, दोर कुणीतरी मुद्दाम खराब केला आणि दोघं मुलाच्या डोळ्यांदेखत पडले. हे सगळ्यांना पाठ आहे आणि म्हणूनच नवीन लिहिणारा बहुतेक वेळा पडण्याचाच सीन परत लिहितो, पाऊस वगैरे टाकून. माझं ऐका, तो सीन सोडा. पडायच्या आधीची आठ-दहा वर्षं घ्या, ती मोकळी पडलीयेत. पोरगं सर्कशीत वाढलं म्हणजे नेमकं कसं वाढलं? सकाळी किती वाजता उठायचं, शाळा होती का, गाव बदललं की मित्र कोण, कपडे कोण शिवायचं, ज्या दिवशी खेळ बंद त्या दिवशी तंबूत काय चालायचं?

आणि इथे आपण या भागातले लोक नशीबवान आहोत. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढली, म्हैसाळच्या देवलांची सर्कसही त्या काळी गाजलेली, म्हणजे सर्कस हा आपल्या जिल्ह्याचा जुना धंदा आहे. घरातल्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तंबू बघितलेले लोक अजून आहेत, आणि ते जे सांगतील, वास, आवाज, प्राण्यांना चारा कधी घालायचे, बँड कधी वाजायचा, ते नेटवर शोधून मिळणार नाही. ही माहिती रॉबिनच्या अमेरिकन सर्कशीत जशीच्या तशी टाकायची नाही हे उघड आहे, पण तंबूत राहणाऱ्या कुटुंबाचा दिवस कसा जातो हे कळलं की तुम्ही त्याच्या आईला बोलतं करू शकता.

आता झुल्याचंच बघू. पकडणारा गुडघ्यांत झुला अडकवून उलटा लोंबकळतो, दुसरा हवेतून येतो, आणि दोघं एकमेकांची मनगटं धरतात. पंजाला पंजा नाही, कारण घामाने बोटं सुटतात, मनगटाला मनगट धरलं की एकाची पकड ढिली झाली तरी दुसऱ्याची असते. हे कळल्यावर मला रॉबिन मिळाला. लहानपणापासून हे शिकलेला मुलगा मोठेपणी कुणालाही वाचवताना काय धरेल? मनगट. आणि सोडताना त्याला काय होईल?

मग सीन बनवायचा तर पडणार कोण? टीममधल्या बाकी चौघांत स्टारफायर उडते, रेव्हन उडते, बीस्ट बॉय पक्षी होतो, म्हणजे पडू शकतो फक्त अर्धा यंत्र असलेला सायबॉर्ग. पॉवरचा हिशेब असा आधी करा, नाहीतर वाचणारा पहिल्या ओळीतच म्हणतो की हा पक्षी का झाला नाही. सायबॉर्ग ठरल्यावर तर आणखी सोपं झालं कारण त्याचं मनगट धातूचं आहे. असं काहीतरी लिहिता येईल:

सायबॉर्ग पुलावरून खाली गेला तसा रॉबिनने दोर टाकला आणि त्याच्यामागे उडी घेतली. मनगट हातात आलं. खालून स्टारफायरने सायबॉर्गला उचलून धरलं, दोघं वर आले, पाय पुलाला टेकले, तरी पकड सुटेना.
"रॉबिन, आलो मी वर."
"हो."
"मग सोड की."
"सोडतो."
सायबॉर्गच्या हातावर दाबाचा आकडा दिसत होता. तो अजून वाढतच होता.

यात आईबापाचा उल्लेख नाही, सर्कस नाही, फ्लॅशबॅक नाही, पण ज्याला माहितीये त्याला कळतं आणि ज्याला माहिती नाही तो पुढे वाचतो. बॅकस्टोरी अशी आजच्या सवयीतून दाखवायची, जुना प्रसंग सांगायचाच असेल तर त्या सवयीने काहीतरी बिघडवल्यानंतर सांगा, आधी नको.

पर्सनल लाइफ म्हणजे लगेच लव्हस्टोरी असं नसतं. लव्हस्टोरी जरूर लिहा, रॉबिन-स्टारफायर मलापण आवडतात, पण त्याआधी ते किचनमध्ये कसे वागतात ते लिहा. बीस्ट बॉय मांस खात नाही कारण तो स्वतः त्या प्राण्यांच्या रूपात जाऊन आलाय, आणि सायबॉर्गला नाष्ट्याला मांसच लागतं, यावरून त्यांची भांडणं कार्टूनमध्ये कॉमेडी म्हणून येतात, पण जरा थांबून विचार केला तर केवढी मोठी गोष्ट आहे ती, गाय होऊन आलेल्या मुलाला ताटातल्या तुकड्याकडे बघून काय वाटत असेल आणि ज्याचं निम्मं शरीर गेलंय त्याला आवडीचं खाणं अजून चव देतंय याचा केवढा आनंद असेल, दोघंही बरोबर आहेत आणि टेबल एकच आहे. रेव्हनचं तर भावना आवरण्याशिवाय चालतच नाही, तिचा बाप ट्रिगॉन नावाचा राक्षस, वाढदिवस म्हटलं की तिला भीती वाटते. अशी मुलगी मोठ्याने हसायचं असेल तर कुठे जाते? यावर कुणीतरी लिहाच, मी वाचीन.

अजून एक जागा आहे जी बहुतेकजण सोडून देतात, लढाईनंतरचा दुसरा दिवस. एपिसोड संपतो तेव्हा शहर वाचलेलं असतं. सांगलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पाणी ओसरलं म्हणजे संपलं असं नसतं. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं, तेव्हा पुराचे दिवस जेवढे लक्षात आहेत तेवढेच नंतरचे आहेत, गाळ काढणं, भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर, मुलांच्या सर्टिफिकेटचे कागद दोरीवर वाळत घातलेले, पंचनाम्याला कोण येतंय याची वाट बघणं. तुमच्या हिरोला त्या दुसऱ्या दिवशी परत त्याच गल्लीत पाठवा. त्याने फेकलेल्या गाडीखाली कुणाचं दुकान गेलं? तो दुकानदार हिरोला थँक्यू म्हणेल की भरपाई मागेल? आणि हिरोकडे पैसे असतात का? मला वाटतं सुपरहिरोवर लिहिताना आपल्याकडच्या माणसाकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे, कारण वाचवायला होडी घेऊन आलेला माणूस आणि नंतर फावडं घेऊन आलेला माणूस, दोघंही आपण बघितलेत.

मराठीत लिहिताना संवादाचं आधी ठरवून घ्यावं लागतं. रॉबिन ब्रूसला, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या बॅटमॅनला, काय म्हणतो, तुम्ही की तू? माझ्या मते घरात आलेला लहान मुलगा तुम्ही म्हणेल, आणि ज्या भांडणानंतर तो घर सोडतो त्या भांडणात तू निघेल. तो तू एकदाच वापरा आणि योग्य जागी वापरा, अर्धं पान लिहायचं वाचतं. ब्रूसच्या घरचा बटलर आल्फ्रेड त्याला मास्टर ब्रूस म्हणतो ते तसंच ठेवा, मालक-बिलक करायला जाऊ नका. स्टारफायर पुस्तकी बोलते, तिला पूर्ण, शुद्ध वाक्यं द्या, "मला अत्यंत आनंद होत आहे" अशी. रेव्हनला तीन शब्द बस्स. बीस्ट बॉय "लय भारी" म्हणाला तर चालेल पण सगळेच लय भारी म्हणायला लागले तर ते टायटन्स राहत नाहीत, तुमचे रूममेट होतात. आणि त्यांना थेट सांगलीत आणून भडंग खायला बसवायचं असेल तर खुशाल बसवा, त्याला एयू म्हणतात, अल्टरनेट युनिव्हर्स, म्हणजे त्याच पात्रांचं वेगळं जग, फक्त ते का आलेत याला कारण द्या आणि सुरुवातीला सांगून टाका.

हिरोबद्दलच लिहायला पाहिजे असंही नाही. छोटा भीमवर लिहायचं असेल तर टुनटुन मावशीकडून लिहा. बाई लाडवाचं दुकान चालवते, घरातली पोरगी तेच लाडू नेऊन भीमला देते, आणि ढोलकपूरवर संकट आलं की त्याच लाडवांनी गाव वाचतं. ती रागावते ते खरं किती आणि दाखवायला किती?

काही गोष्टी टाळा. दुःखावर दुःख रचू नका, आईबाप गेले, मग भाऊ गेला, मग कुत्रा गेला, तिसऱ्या मरणाला वाचणाऱ्याचं मन बधिर होतं. एखाद्यावर घरात अत्याचार झाला असं लिहायचं असेल तर तो नुसता हिरोला कणखर दाखवायला वापरू नका, त्या माणसाचं पुढचं जगणंही लिहा, आणि गोष्टीच्या वर तशी सूचना द्या. कार्टून, कॉमिक आणि सिनेमा यांतले तपशील वेगळे असतात, तुम्ही कुठला धरलाय ते आधीच ठरवा आणि मध्येच बदलू नका. आणि सगळी कोडी सोडवायच्या मागे लागू नका. टीन टायटन्समध्ये स्लेड नावाच्या व्हिलनचा चेहरा शेवटपर्यंत नीट दाखवलेला नाही, तो मास्क तुमच्या गोष्टीत काढायचाच असेल तर त्याच्यामागे रॉबिनला हादरवेल असं काहीतरी पाहिजे, नसेल तर राहू दे तो मास्क.

पहिली गोष्ट वन शॉटच करा, म्हणजे एकाच भागात संपणारी, हजार-दीड हजार शब्द, एक पात्र, एक मोकळी जागा, एक संध्याकाळ. पन्नास चॅप्टरचा प्लॅन डोक्यात असला तरी तो वहीत ठेवा. लिहून झाल्यावर कार्टून बघितलेल्या एकाला आणि न बघितलेल्या एकाला वाचायला द्या, पहिला तुम्हाला सांगेल पात्र मूळ स्वभावापासून हाललंय का, दुसरा सांगेल गोष्ट कळतेय का, आणि मी तर म्हणेन दुसऱ्याचं जास्त ऐका. टाकताना मूळ पात्रं कुणाची आहेत ते लिहा, टॅग खरे लावा, शेवट दुःखद असेल तर लपवू नका. यावर पैसे मागायचे नाहीत, पात्रं आपली नाहीत, आर्काइव्ह ऑफ अवर ओन सारख्या फॅनफिकच्या साइटवर तर तसा नियमच आहे. मराठीत अशा गोष्टी अजून फार कमी दिसतात, त्यामुळे कुणी लिहिली तर मला लिंक पाठवा, सायबॉर्गवर असेल तर आधी पाठवा.