लीक झालेला गेम इंजिनचा कोड टीमच्या रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) शिरला तर काय करायचं

बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्रीत पार्टीचा पॅटर्न (ओतकामाचा नमुना) महिनोन्महिने रॅकवर पडून असतो. पण पडून आहे म्हणून त्यावर दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा जॉब कुणी ओतत नाही. गेम इंजिनच्या (गेम ज्यावर उभा राहतो त्या तयार सॉफ्टवेअरच्या) फुटलेल्या कोडचा हिशेब तोच. २००३ मध्ये 'हाफ-लाइफ २' या गेमचा कोड फुटला, २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या फ्रॉस्टबाइट इंजिनचा चोरीला गेला. दोन्हींची मालकी होती तिथंच राहिली.

खरी गुंतागुंत आतल्या मालाची असते. इंजिनमध्ये दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या आणि कन्सोल कंपन्यांचा गोपनीय कोड मिसळलेला असतो, म्हणजे इंजिनवाल्यानं उद्या मोठ्या मनानं 'घ्या' म्हटलं तरी तो भाग द्यायचा हक्क त्याच्याकडे नसतो. 'डूम' गेमचा सोर्स कोड १९९७ मध्ये कंपनीनं स्वतःहून खुला केला, तेव्हाही डॉसवरच्या आवाजाची लायब्ररी दुसऱ्याची असल्यामुळे वगळावी लागली होती.

'फक्त अभ्यासाला बघतोय' ही सबब कॉलेजच्या लॅबमध्ये चालेल, कायद्यात चालणं अवघड. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या सॉफ्टवेअरच्या सवलती मुळात कायदेशीर मार्गानं मिळालेल्या प्रतीसाठी आहेत. उलट कलम ६३ब नुसार चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, एवढाच दिलासा.

आता समजा, टीममधल्या कुणीतरी तसा तुकडा टाकलाच. तो ओळखू येतो. तुमची फंक्शन्स साधी-सुटी आणि मध्येच साठ ओळींचं एक फंक्शन, नावांना अनोळखी प्रीफिक्स, कमेंटमध्ये तुमच्याकडे नसलेल्या बग-ट्रॅकरचे नंबर. असं दिसलं की मर्ज (तो तुकडा मुख्य कोडात मिसळणं) थांबवा आणि टाकणाऱ्याला 'हे कुठनं आणलं?' एवढंच विचारा. कमिटचा (रेपोत नोंदलेल्या त्या बदलाचा) हॅश म्हणजे ओळखक्रमांक, तारीख, फाइलींची नावं आणि कुणी-कुणी पाहिलं हे एका कागदावर लिहा. कोड मात्र त्या नोंदीत चिकटवू नका, व्हॉट्सॲपवर तर नकोच. नोटीस आली असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा चिकटतो.

साफ करताना नेहमीची चूक म्हणजे गिट रिव्हर्ट, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये तो बदल नुसता उलटवणं. त्यानं आजची फाइल सुधारते, इतिहासात कोड तसाच राहतो. गिट फिल्टर-रेपो या टूलनं इतिहासातून काढा, फोर्स पुश करा (सर्व्हरवरच्या जुन्या इतिहासावर नवा चढवा) आणि सगळ्यांना आपल्या मशीनवरचा जुना क्लोन (रेपोची प्रत) टाकून नवा घ्यायला लावा. एकानं जरी जुनी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) पुन्हा ढकलली तरी घाण परत आत. रेपो गिटहब या साइटवर असेल तर तिथं जुना कमिट हॅशनं उघडता येतो, म्हणून त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं. फोर्क (इतरांनी तिथं काढलेल्या रेपोच्या प्रती) वेगळे बघा. बिल्ड सर्व्हरची (कोडपासून गेम तयार करणाऱ्या मशीनची) कॅश रिकामी करून बिल्ड नव्यानं काढा. तोच कोड एआय टूलला देऊन 'वेगळ्या शब्दांत' लिहून घेतला तरी तो धुतला जात नाही, रचना तीच राहते.

ज्यानं तो वाचला त्याचं काय? वाचणं म्हणजे नक्कल नव्हे, पण वाद झाला की 'याच्या हाताशी मूळ होतं' हेच समोरचा आधी दाखवतो. म्हणून त्याला त्या भागाच्या कामातून काढा, लेव्हल किंवा मेनूचं काम द्या. त्याच्याकडून तोंडी सूचनाही घेऊ नका. विंडोजसारखी खुली ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या रिॲक्टओएसवाल्यांना २००६ मध्ये अशाच संशयापायी काम थांबवून आख्ख्या कोडची तपासणी करावी लागली. चार जणांच्या टीमला ते झेपायचं नाही.

इंजिनच्या पोटात बघायचंच असेल तर सरळ वाटा आहेत. गोडो हे इंजिन एमआयटी लायसन्सखाली (मोकळ्या वापराच्या परवान्याखाली) आहे. गेमच्या क्रेडिट्समध्ये लायसन्सचा मजकूर तेवढा ठेवा. अनरिअल इंजिनचा सोर्स एपिक या कंपनीचं खातं गिटहबला जोडलं की मिळतो, पण तो लायसन्स नसलेल्यांना देता येत नाही. चर्चेसाठी उघड्यावर फार तर ३० ओळी टाकायची मुभा आहे. इथं प्रोजेक्टवाली पोरं हमखास फसतात: स्वतःचा गेम कोड पब्लिक रेपोत टाकायला हरकत नाही, त्यासोबत बदललेला इंजिन फोल्डर गेला की लीक करणारे तुम्हीच. युनिटी इंजिनचा सी-शार्प भाषेतला सोर्स उघडा दिसतो, तोही वाचण्यापुरताच.

खानापूर-निपाणीत बसून पुण्या-बेंगळुरूच्या स्टुडिओचं काम घेणाऱ्यांनी सही करण्याआधी करारातलं नुकसानभरपाईचं कलम शोधावं. 'सर्व कोड मूळ आहे' अशी हमी बहुतेक तिथंच असते आणि भरपाईला मर्यादा नसते. भरपाईला मिळालेल्या मानधनाएवढी मर्यादा घालून मागा, आणि स्टुडिओनं स्वतः दिलेल्या कोडची जबाबदारी त्यांच्यावरच ठेवणारं एक वाक्य घालून घ्या.