आकडे पाठ आहेत, पण मोजता येत नाही?

मूल वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतं, पण समोरचे ७ चमचे मोजायला सांगितले की कधी सहा भरतात, कधी नऊ. जीभ बोटाच्या पुढे पळते, म्हणून. तीन-चार वर्षांच्या मुलाला वस्तू नुसत्या दाखवू नका, हलवू द्या. एका भांड्यात ५ चमचे, शेजारी दुसरं रिकामं भांडं. एक चमचा उचलायचा, टाकायचा, खणकन आवाज आला की मगच आकडा म्हणायचा.

मोजून झालं की विचारा, "मग किती झाले?" मूल पुन्हा एकपासून सुरू झालं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. टोकू नका. तुम्हीच म्हणा, "तीन, चार, पाच. पाच चमचे!" पाच पक्के झाल्याशिवाय दहावर उडी नको, घाई इथेच नडते.

पाच-सात मिनिटं पुरेत. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलासमोर बटणं, मणी ठेवूच नका. आणि एकोणीस, एकोणतीसला अडखळलं तर ती मोजणीतली चूक नव्हे. ते शब्दच उलटे आहेत, पुढच्या दशकातून एक वजा करणारे.