बातमीचा इंट्रो : आधी क्रियापद शोधा

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, ही बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीची एक-दोन वाक्ये, लिहिणाऱ्याची पहिली अडचण आहे. कोणाच्या अध्यक्षतेखाली, कोणत्या सभागृहात, कोणत्या ठरावान्वये, हे सारे आधी सांगत गेल्यास नेमके काय घडले ते कळण्यासाठी वाचकाला पूर्णविरामापर्यंत थांबावे लागते, आणि तो थांबत नाही.

सरावासाठी रचलेला हा इंट्रो पाहा : ‘महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाने दिलेल्या पत्रकानुसार उजनी-सोलापूर जलवाहिनीवरील गळती काढण्याचे काम हाती घेण्यात येणार असल्याने पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक बदलण्यात आले असून नागरिकांनी सहकार्य करावे, असे आवाहन करण्यात आले आहे.’ व्याकरणाने वाक्य निर्दोष आहे. मात्र शेवटची, मोक्याची जागा ‘आवाहन’ या शब्दाने अडवली आणि नळाला पाणी कधी येणार, हे कुठेच आले नाही. तीच माहिती अशी लिहिता येते : ‘हद्दवाढ भागात बुधवारी येणारे पाणी आता शुक्रवारी येईल. उजनी-सोलापूर जलवाहिनीची गळती काढण्यासाठी दोन दिवस उपसा बंद राहणार असल्याचे महापालिकेने सोमवारी सांगितले.’ कुठे, काय आणि कधी ही उत्तरे पहिल्या वाक्यात मिळाली. का आणि कोणी सांगितले, हे दुसऱ्यात आले. काम कसे होणार, हा तपशील खालच्या परिच्छेदात गेला तरी बिघडत नाही. सहाही ‘क’कार एकाच वाक्यात कोंबण्याचा नियम मुळात कोणी केलेला नाही.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी वहीत आधी क्रियापद लिहावे : ‘बंद राहणार’, ‘कोसळली’, ‘फेटाळला’. मग त्याचा कर्ता शोधावा आणि या दोहोंमध्ये कमीत कमी शब्द ठेवावेत. हाती ‘संपन्न झाला’ किंवा ‘मत व्यक्त केले’ एवढेच लागत असेल, तर बातमी अजून सापडलेली नाही.

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत ही अडचण दर जानेवारीत उभी राहते. सात नंदीध्वज, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा हे सोलापूरकराला लहानपणापासून पाठ असते. त्याच्यासाठी इंट्रोत यंदा काय वेगळे घडले तेच हवे, मग ते मिरवणुकीला झालेला उशीर का असेना. बाहेरगावच्या आवृत्तीसाठी मात्र सोहळ्याचे दृश्य रेखाटणारा इंट्रो शोभतो, अर्थात बातमीदार स्वतः तेथे उभा असेल तरच.

आकड्यांच्या बातमीत इंट्रोला एकच आकडा पुरे. बाजार समितीतील कांद्याच्या लिलावाची बातमी देताना कमाल भाव वर घेण्याचा मोह होतो. पण तो बहुधा एखाद-दुसऱ्या वक्कलला, म्हणजे लिलावातील मालाच्या ढिगाला, मिळालेला असतो आणि तो वाचून माल घेऊन निघालेल्या शेतकऱ्याची फसगत होते. इंट्रोत सर्वसाधारण भाव द्यावा. आवक, किमान आणि कमाल भाव त्याखाली यावेत.

गुन्ह्याच्या बातमीत मात्र शब्द वाचवताना हात आखडावा. पाण्याच्या बातमीत महापालिकेचा उल्लेख दुसऱ्या वाक्यात ढकलता आला, तसे ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द येथे ढकलता येत नाहीत. ‘दुचाकी चोरणाऱ्या तरुणाला अटक’ हा न्यायालयाआधी बातमीदाराने दिलेला निकाल ठरतो. ‘दुचाकी चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी तरुणाला अटक केली’ असे लिहिल्यास दोन-तीन शब्द वाढतील, ते वाढू द्यावेत.