सुट्टीत पोरांच्या टीम पाडून पूल आणि जेसीबी बनवायचे, ते असे

सुट्टी लागायच्या आधीच रोबोटिक्स आणि स्टीम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, कला आणि गणित एकत्र) वर्कशॉपच्या जाहिराती सोसायटीच्या ग्रुपवर यायला लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी होतं काय की प्रत्येक मुलाला एकेक किट मिळतं, सर पुढे उभे राहून स्टेप सांगतात आणि दोन तासांनी सगळ्यांच्या हातात अगदी एकसारखी गाडी. मुलं खूश होतात, त्यात वाईट काही नाही, पण टीम कुठेच नसते आणि चुकायला जागाही नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की काम असं द्या जे एकट्या मुलाला जमणारच नाही, मग टीमवर्कवर वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही. सोसायटीचा हॉल, गच्ची, शाळेचा व्हरांडा, कुठेही चालतं, आणि सामान म्हणाल तर रद्दी, खोकी आणि मेडिकलमधल्या सिरिंज. खाली लिहितेय ते साधारण ८ ते १३ वयाच्या १२-१५ मुलांसाठी, सोबत दोन मोठी माणसं धरून.

आधी टीम. चार जणांची करा, तीनची पण चालेल, पाच झाले की एक जण नुसता बघत बसतो. जिगरी दोस्त एकाच टीममधे नकोत आणि वयं मिसळलेली हवीत, त्यामुळे मोठ्यांच्या आणि छोट्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या करून उचलायला लावा. बनवायचं सगळ्यांनीच, पण प्रत्येकाकडे एक जबाबदारी: सामान, मोजमाप, वही आणि टेस्ट. दर वेळी ही कामं बदलायची आणि ती तुम्हीच बदलायची, कारण मुलांवर सोडलं तर रंग आणि वही मुलींकडे जाते आणि कटर-पट्टी मुलग्यांकडे, कुणी मुद्दाम करत नाही तरी होतंच. यावर मी खरंच अडून बसते, कारण ज्या मुलीच्या हातात सगळ्या सुट्टीत फक्त स्केचपेन आले तिला पुढे हत्यार हातात घ्यायला उगाच अवघडल्यासारखं होतं.

एका बैठकीला दोन तास ठेवा. पहिली १० मिनिटं काय करायचंय ते सांगायचं, मग १५ मिनिटं फक्त कागदावर चित्र काढायचं, सामानाला हात लावायचा नाही (हे सगळ्यात अवघड जातं पण सोडू नका), ४५ मिनिटं बनवायचं, १५ मिनिटं टेस्ट, मग २० मिनिटं दुरुस्ती आणि शेवटची १५ मिनिटं बोलायला. दुरुस्तीचा वेळ कापायचा नाही, वेळ कमी पडला तर बनवण्यातून कापा. पहिल्या टेस्टला मोडलं की लगेच बक्षीस समारंभ उरकून घरी पाठवणं म्हणजे शिकायची वेळ आली आणि दार लावलं असं होतं.

सुरुवात छोट्या गोष्टीने करा. अरविंद गुप्तांची खेळणी माहिती असतीलच, टेल्कोतले (म्हणजे आताची टाटा मोटर्स) हे इंजिनियर १९७८ मधे मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार करायची पद्धत आणली. काड्यांची गुलाची टोकं मोठ्यांनी आधीच काढून ठेवायची, किंवा सरळ टूथपिक वापरा. चार काड्यांचा चौकोन दाबला की लुळा पडतो, त्रिकोण हलत नाही, आणि चौकोनात एक तिरकी काडी घातली की तोही उभा राहतो. हे तुम्ही सांगू नका. फक्त दोन्ही आकार हातात द्या आणि दाबून बघा म्हणा, बाकीचं त्यांचं ते बोलतील.

मग पूल. दोन टेबलांमधे ६० सेंटीमीटर अंतर, प्रत्येक टीमला वर्तमानपत्राची १० मोठी पानं, एक मीटर कागदी टेप, थोडी सुतळी, बाकी काही नाही. पान कोपऱ्यापासून तिरकं, विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळायचं, सुई काढून घ्यायची आणि टोकाला इतकुसा टेप. टेप मोजून दिलाय म्हणून मुलं विचार करायला लागतात, नाहीतर सगळा पूल टेपचाच होतो. टेस्टला मधोमध बादली लटकवा आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत जा, एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन आधी करून वहीत लिहून ठेवायचं. बादली जमिनीपासून जेमतेम दोन-तीन बोटं वर असू दे आणि खाली जुनं टॉवेल किंवा पायपुसणं टाका, पाय कुणाचाच खाली नको. नंबर नुसत्या वजनावर काढू नका, पुलाने उचललेलं वजन भागिले पुलाचं स्वतःचं वजन असं करा, स्वयंपाकघरातला काटा पुरतो, मग हलका आणि डोकं लावून केलेला पूल जाडजूड पुलाला मागे टाकू शकतो आणि भागाकारही आपोआप होतो.

पूल मोडला की उचलून फेकू देऊ नका, आधी सगळे जवळ बसून बघा की नेमका कुठे मोडला. बहुतेक वेळा वरची नळी मधे वाकलेली असते, कारण वजन आलं की वरच्या नळ्या दाबल्या जातात आणि खालच्या ताणल्या जातात, आणि लांब बारीक नळी दाबली की कडेला वाकते. तीच नळी अर्ध्या लांबीची असेल तर वाकायला साधारण चौपट जोर लागतो, म्हणून मधे आधार दिला की एवढा फरक पडतो. मग विचारा, यातल्या कुठल्या नळीच्या जागी सुतळी चालेल? ज्या टीमला कळतं की ताणल्या जाणाऱ्या ठिकाणी सुतळी चालते आणि दाबल्या जाणाऱ्या ठिकाणी नाही, त्यांना पुढे कॉलेजात जे शिकवतात त्याचा गाभा कळलाय, नावं नंतर कळली तरी चालतील.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीला जेसीबी घ्या. त्याच्या आधी मुलांना जवळच्या रस्त्याच्या कामावर न्या, सुरक्षित अंतरावर उभं करा आणि चित्र काढायला लावा: हात किती ठिकाणी वाकतो, चकचकीत दांडा कुठून बाहेर येतो. स्टीममधली कला ही, शेवटी चमकी चिकटवायची म्हणजे कला नाही. सामान असं: सुई नसलेल्या कोऱ्या सिरिंज, १० मिली आणि २० मिली दोन्ही, फिश टँकची बारीक नळी, फ्रिज-टीव्हीच्या दुकानातली जाड खोकी, बांबूच्या काड्या. खोक्याचं जाड कटिंग मोठ्यांनी करायचं पण कुठे कापायचं ती रेघ मुलांची. दोन सिरिंज नळीने जोडायच्या, एक मुलाच्या हातात आणि दुसरी जेसीबीच्या हाताला. आधी नळीत हवाच असू दे, दट्ट्या दाबला की जेसीबीचा हात उशिरा आणि मऊ मऊ हलतो, मग बादलीत बुडवून नळी-सिरिंज पाण्याने भरा, एकही बुडबुडा नको, आणि परत दाबा. हवा दबते, पाणी जवळपास दबत नाही, हे बोटांनाच कळतं. मग हातात लहान सिरिंज आणि मशीनला मोठी असं जोडून बघा, १० मिलीची अख्खी दाबली तरी २० मिलीची अर्धीच भरते, म्हणजे जेसीबीचा हात कमी हलतो पण जोर जास्त मिळतो, उलटं जोडलं की तो लांब जातो पण दाबायला जड. खऱ्या जेसीबीत पाण्याऐवजी तेल आणि आपल्या अंगठ्याऐवजी इंजिनवरचा पंप, तत्त्व तेच.

आता यातली खरी गंमत. खांदा, कोपर आणि बकेट अशा तीन हालचालींच्या तीन सिरिंज तीन मुलांच्या हातात द्या, चौथा समोरून सूचना देणार, आणि काम द्या की वाटीतले राजमे उचलून दुसऱ्या वाटीत टाका. सुरुवातीला नुसता आरडाओरडा होतो, मग कुणीतरी म्हणतं की एका वेळी एकच बोला, मग आकडे ठरतात, खांदा एक, कोपर दोन, आणि राजमा जातो. टीमवर्कचे कितीही खेळ घ्या, एवढं सरळ दुसऱ्या कशातून कळत नाही असं मला वाटतं.

मोठ्यांसाठी एकच नियम, हात मागे. मुलाच्या हातातून घेऊन "दे मी दाखवतो" केलंत की ती वस्तू तुमची झाली. अडले तर विचारा, तुम्हाला काय होईल असं वाटत होतं, आणि झालं काय? भांडण झालं तर दोन्ही आयडिया छोट्या करून दोन्ही टेस्ट करायला सांगा, मोठ्याचा आवाज जिंकण्यापेक्षा बादली काय म्हणते ते बरं. गप्प बसणाऱ्या मुलाला शेवटी सगळ्यांसमोर बोलायला ओढू नका, त्या दिवशी टेस्ट त्याच्याकडे द्या, आकडे वाचता वाचता बोलायला लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत करत असाल तर शेवटची बैठक किल्ल्याला जोडा, मुलं किल्ला करणारच असतात. एका टीमकडे खंदकावरचा पूल, एकीकडे सिरिंजने उघडणारा दरवाजा, एकीकडे वरच्या टाक्यातून खाली पाणी आणायची सोय, आणि अट ही की सगळ्यांचे भाग एकमेकांना जुळले पाहिजेत. दरवाजाची रुंदी आणि पुलाची रुंदी दोन टीमनी आधी बोलून कागदावर लिहायची. नाही लिहिली तर जुळत नाही, आणि ते तसं एकदा होऊ द्या, फक्त किल्ला मातीने लिंपायच्या आधी होऊ द्या.

गोडी लागली तर पुढे बघायला बरंच आहे. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते विचारा, नीति आयोगाची ही योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे लॅब असेल तर मुलांना तिथे हात लावायला मिळतो का हे पालक सभेत हक्काने विचारा. पुण्यात असाल तर आयुकाच्या (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) मुक्तांगण विज्ञान शोधिकेबद्दल चौकशी करा. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मधे सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, तिथे हाताने काम करत शिकणं हीच पद्धत, मोठ्या मुलांना घेऊन जायला छान. आणि सिरिंज-नळ्या टाकून देऊ नका, पाणी झटकून वाळवून डब्यात ठेवल्या की मे महिन्याच्या बॅचला चालतात, फक्त दट्ट्याच्या रबराला खोबरेल नको, ते फुगतं आणि अडकतं.