वृद्धांच्या छळाची तक्रार आली, पुढे काय?

तक्रार फोनवर आली तरी त्याच दिवशी वहीत घ्या: तारीख, वेळ, कुणी सांगितलं आणि त्याचेच शब्द. ‘सून जेवायला देत नाही’ याचं ‘कौटुंबिक वाद’ केलं की ती नोंद महिन्याभराने कुचकामी. मारहाण, उपासमार किंवा कोंडून ठेवणं असेल तर वही बाजूला, आधी ११२. साधा सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

बाकी प्रकरणांत दोन दिवसांत घरी जा. आजींशी घरच्यांना दूर ठेवून बोला. सोलापूरच्या पूर्व भागात बरेच ज्येष्ठ तेलुगूतच मोकळे होतात, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये. मुलगाच दुभाषी झाला तर ‘सगळं बरंय’ एवढंच कानावर येणार, म्हणून बाहेरचा माणूस न्या. गोळ्यांची पाकिटं मागा. तारखेच्या मानाने किती उरल्यात ते मोजा. पासबुक कुणाकडे? श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे पैसे जमा झाल्या दिवशीच निघत असतील तर काढतं कोण?

पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली. आई-वडिलांना वयाची अट नाही, इतर ज्येष्ठांचं वय साठ पूर्ण हवं. निकालाचे ९० दिवस नोटीस बजावल्यापासून मोजतात, अर्जापासून नव्हे (अपवादात्मक स्थितीत आणखी ३०). तेव्हा बजावणीची तारीख ठळक लिहा. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

‘तडजोड झाली’ म्हणून फाइल बंद करू नका. सातव्या आणि तिसाव्या दिवशी न कळवता भेट द्या, जेवणाच्या वेळेला.